कुंडीतल्या मिरचीवरील बोकड्या : रोप उपटण्यापूर्वी पान उलटून पाहावे

आपण लिहिले आहे की, कळंब्यातील आपल्या गच्चीवरच्या संकेश्वरी मिरचीच्या आठ कुंड्यांपैकी पाच कुंड्यांत शेंड्याची पाने चुरडली आहेत, दुकानातून आणलेले कीटकनाशक दोनदा फवारूनही फरक पडला नाही आणि आता रोपे उपटण्याचा सल्ला मिळाला आहे. कृपया अजून उपटू नका. चार वर्षांपूर्वी याच टप्प्यावर मी सहा रोपे उपटली. ती वाचली असती, ही रुखरुख अजून गेलेली नाही.

ऊन, पाणी, खत आपण सांभाळत असणारच. खालची जुनी पाने पिवळी पडत असती, तर नत्र आणि कुंडीचा निचरा पाहायला सांगितले असते. आपली तक्रार शेंड्याची आहे. आपल्याकडे चुरडामुरडा किंवा बोकड्या हे एकच नाव तीन निराळ्या कारणांना दिले जाते आणि घोळ तिथेच होतो. फुलकिड्यांमुळे पानाच्या कडा वर वळतात आणि पान होडीसारखे दिसते. कोळी या नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवामुळे कडा खाली वळून होडी पालथी पडते, पान अरुंद होते, देठ लांबतो आणि खालची बाजू तांबूस, चकचकीत दिसू लागते. पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूमुळे पाने बारीक राहून वर वळतात, शिरा जाड होतात, पेरे आखूड पडून रोप खुजे आणि झुडपासारखे होते. या तिसऱ्या रोगावर औषध नाही. ते रोप काढावेच लागते.

माझ्या रोपांची पाने खाली वळलेली होती, म्हणजे खूण समोरच होती. तरीही मी दुकानात फक्त 'पाने वळलीत' एवढेच सांगितले आणि मिळालेले इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक बारा दिवसांत तीनदा फवारले. कोळी आठ पायांचा असतो, तो कीटक नव्हे. या औषधाने तो मरत नाहीच, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरून त्याचे फावते. नंतर पाने पिशवीत घालून मी एका कार्यालयात गेले. तिथे आधी सातबारा मागितला. गच्चीवरच्या कुंड्यांना सातबारा नसतो, हे पटवण्यात अर्धा तास गेला आणि शेवटी पान हातातही न घेता 'व्हायरस आहे, उपटा' असे उत्तर मिळाले. त्या माणसाने पान एकदा उलटले असते, तर आत्याने गडहिंग्लजहून दिलेल्या बियांची रोपे गेली नसती. याचा मला आजही राग येतो.

एक कुंडी मागे राहिली होती. गुजरीत सोनारकाम करणाऱ्या शेजाऱ्यांनी त्यांचे वीस पट मोठे दाखवणारे भिंग दिले. पानाच्या खाली, शिरेलगत, काचेच्या मण्यांसारखी अंडी होती, प्रत्येकावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, आणि त्यांच्यामधून फिकट पिवळे कण सरकत होते. नुसत्या डोळ्यांना यातले काहीच दिसत नव्हते.

मी कृषी पदवीधर नाही, केवळ गच्चीवरचा अनुभव सांगते. मात्रा वेष्टनावर वाचूनच ठरवावी. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन मी संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारले आणि आठ दिवसांनी पुन्हा एकदा. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारू नये, पाने करपतात. निंबोळी तेल फवारले असेल, तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. वळलेली जुनी पाने सरळ होत नाहीत, त्यामुळे ती पाहून औषध लागू पडले नाही असे समजू नये. नव्या फुटीकडे पाहावे. माझ्या रोपाला दुसऱ्या आठवड्यात सपाट पान आले.

ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली आणि हवा दमट, उबदार झाली की कोळी झपाट्याने वाढतो, तेव्हा दर आठवड्याला शेंडे तपासावेत. बी कधीही सगळे एकदम पेरू नये, निम्मे कोरड्या बरणीत ठेवावे.

आपल्या पाच कुंड्यांत पानांच्या कडा कोणत्या बाजूला वळल्या आहेत, तेवढे पाहून कळवावे आणि जमल्यास पानाच्या खालच्या बाजूचे छायाचित्र टाकावे.