मागून आलेली डरकाळी आणि मुलीचा हट्ट

कसबा बावड्याहून एक पालक लिहितात: "मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. तिचा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर असून श्रवणयंत्र वापरतो. एका प्रदर्शनात त्याने व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट डोळ्यांवर लावला, पण मागून आलेली वाघाची डरकाळी त्याला कळलीच नाही. तो समोरची झाडे पाहत उभा राहिला. तेव्हापासून 'ऐकू न येणाऱ्यांनाही व्हीआरमधील आवाज कळावेत, मला हेच काम करायचे आहे' असे मुलगी म्हणते. यात भवितव्य आहे, की हा नाद सोडायला सांगू?"

स. न. वि. वि.

कृपया सोडायला सांगू नका. तिने जे पाहिले, तो या क्षेत्रातील खराखुरा प्रश्न आहे. चित्रपटात पडद्याच्या तळाशी अक्षरे देता येतात. व्हीआरमध्ये पडद्याला तळच नसतो. अक्षरे नजरेसोबत फिरती ठेवली तर ती सतत वाचता येतात, पण बोलतो कोण ते कळत नाही. बोलणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली तर मान वळवताच ती दिसेनाशी होतात. शिवाय प्रत्येक आवाजाचे काम वेगळे असते. महाद्वार रोडचे दृश्य उभारायचे म्हटले, तर मागून येणाऱ्या दुचाकीचा हॉर्न, दुकानदाराची हाक आणि देवळातील घंटा हे सगळेच अक्षरांत मांडल्यास रस्ता दिसणारच नाही. हॉर्नसाठी हातातील कंट्रोलरचा कंप आणि दिशेचा बाण, हाकेसाठी मजकूर, आणि घंटा दाखवायची की नाही हे वापरणाऱ्याने ठरवायचे, अशी निवड करणे हेच यातील खरे कौशल्य आहे, असे माझे मत आहे. एकाच कानाने ऐकू येणाऱ्यासाठी दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून देणारी मोनोची सोय लागते, हेही सहसा विसरले जाते. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एक्सआर (व्हीआर व तत्सम तंत्रे) सुगम्यतेच्या टिपणात अशा गरजा नोंदवल्या आहेत; ते तिने अवश्य वाचावे.

या विषयाच्या नावाची पदवी शोधत बसू नका. संगणक अभियांत्रिकी कोल्हापुरात राहूनही करता येईल. डिझाइनकडे ओढा असल्यास 'यूसीड' ही प्रवेश परीक्षा आहे. सोबत युनिटी हे गेम व व्हीआर दृश्ये बनवण्याचे सॉफ्टवेअर आणि त्यात वापरली जाणारी सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी. केवळ याच कामासाठी नेमणूक करणाऱ्या जागा थोड्या आहेत, त्यामुळे पोटापाण्याचा आधार गेम किंवा सॉफ्टवेअर विकासाचा ठेवून हे कौशल्य त्यावर उभे करावे.

भारतीय सांकेतिक भाषा मात्र आजपासूनच शिकू द्या. ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे, त्यांच्यापैकी अनेकांना भरभर सरकणारा मजकूर वाचणे जड जाते, आणि हे ऐकू येणाऱ्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो.

बोर्डाची परीक्षा संपली की तिला वाघाचेच एक छोटे दृश्य तयार करू द्या. ते आधी भावाला आणि त्याच्या शाळेतील मित्रांना दाखवावे, आणि प्रत्येकाने मान केव्हा वळवली, कोणती खूण निसटली, हे तिने वहीत लिहून ठेवावे. महाविद्यालयाच्या मुलाखतीला जाताना ती वही तिच्या पिशवीत असू द्या.