कवी बाईने केलाय, मग रकाना कुठला?

प्रश्न : ताई, आम्ही राजारामपुरीतले काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून सिनेमा बघतो. सिनेमात कुणाला जागा मिळाली, कुणाला नाही, याचा मी वहीत तक्ता करतो. बायका किती, त्या आपसांत पुरुष सोडून दुसऱ्या कशावर बोलतात का, अल्पसंख्याक किती, दिव्यांग किती. परवा सर्गेई पाराजानोव्हचा ‘द कलर ऑफ पॉमग्रॅनेट्स’ (१९६९) लावला. कवी सायत-नोवाच्या आयुष्यावरचा, पण सगळा स्वप्नासारखा. त्यात कुणी धड बोलतच नाही! वर तरुण कवी आणि त्याची प्रेयसी, दोन्ही एकाच नटीने केलेत. गुण द्यायचे कसे?
— एक वाचक

उत्तर : बोलण्याचा रकाना आधी बंद करा. दोन बायकांच्या संभाषणाची ती कसोटी ॲलिसन बेक्डेल यांच्या व्यंगचित्रमालिकेत १९८५ साली आली, तीही दोन मैत्रिणींच्या गप्पांत. चार माणसं बोलतात-भांडतात अशा सिनेमाला ती चालते. जिथे छपरावर ग्रंथ वाळत पडलेत आणि माणसं चित्रातल्यासारखी कॅमेऱ्याकडे बघत उभी आहेत, तिथे बायकांबरोबर पुरुषही नापास.

आता ती नटी, सोफिको चियाउरेली. असला प्रकार आपल्याकडे कधीच होऊन गेलाय. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम अण्णा साळुंके आणि सीताही अण्णा साळुंकेच. तुमच्या वहीत दोन्ही सिनेमांची नोंद सारखीच पडेल : कलाकार एक, भूमिका स्त्रीची आणि पुरुषाची. पण साळुंके सीता झाले, कारण पडद्यावर यायला बायका मिळत नव्हत्या. (दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई १९१३ सालीच फाळक्यांच्या कॅमेऱ्यासमोर आल्या होत्या, पण अशा किती?) मग आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त (१९२०) बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या, तेव्हा खरोखर कुणाची तरी जागा वाढली.

पाराजानोव्हला नटांचा तुटवडा नव्हता. कवी आणि तो जिच्यावर जीव टाकतो ती, दोघांना एकच चेहरा द्यायचा हे त्याने ठरवून केलं. तेव्हा ‘स्त्री : एक जादा’ असं लिहून मोकळे होऊ नका. ‘का?’ असा एक रकाना काढा आणि त्यात दोन ओळी लिहा. मला विचाराल तर ‘लंकादहन’मध्ये बाई बाहेर राहिली, इथे ती पुरुषाच्या जागेवरही जाऊन बसली.

अल्पसंख्याकांचं काय करणार? सायत-नोवा आर्मेनियन, पण त्याने गाणी रचली ती आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी अशा तिन्ही भाषांत. दिग्दर्शकही आर्मेनियन, पण जन्म जॉर्जियातल्या तिबिलिसीचा. सिनेमा निघाला तेव्हा आर्मेनिया आणि जॉर्जिया दोन्ही सोव्हिएत संघात होते; आर्मेनियाच्या राजधानीतला, येरेवानमधला प्रेक्षक एक आकडा लिहील, मॉस्कोतला दुसरा. आपल्याला तर सगळेच परके.

या सिनेमापेक्षा मला तुमच्या दिव्यांगांच्या रकान्याची जास्त धास्ती वाटते. स्वप्नातलं म्हणून जे सिनेमे काढतात, त्यांत बुटका माणूस, हात नसलेला माणूस आणून उभा करायची फार जुनी खोड आहे. प्रेक्षक दचकला की त्या माणसाचं काम संपलं. वहीत मात्र टिकमार्क पडतो, पैकीच्या पैकी! मी अशा वेळी एवढंच बघते, की दचकून झाल्यावर कॅमेरा त्याच्यापाशी थांबतो का? त्याला काही हवंय, त्याला कशाचा राग आहे, हे कळतं का? की तो खुर्ची-टेबलासारखा सामानात जमा? नायिकेलाही हेच लावा. नायकाच्या स्वप्नात ती नुसती झिरझिरीत कपड्यांत उभी असेल, तर ती सगळा वेळ पडद्यावर असली तरी मी तिला मोजत नाही.

मोजायची हौस असेल तर श्रेयनामावली मोजा. कथा कुणाची, कॅमेरा कुणाकडे, संकलन कुणाचं. सिनेमा कितीही स्वप्नातला असला तरी ही कामं जागेपणी, पगार घेऊन केलेली असतात. तुमचे ते सभासद नावं सुरू झाली की चहा ठेवायला उठत असतील, त्यांना बसवून ठेवा.