ट्रस्टची जागा विकायचीये? आधी परवानगी, मग इसार

ट्रस्टच्या जागेबद्दल बरेच प्रश्न साठलेत, बहुतेक महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थांचे. काही एकत्र घेतोय.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा एक प्लॉट पडून आहे. सातही विश्वस्तांच्या सह्यांचा ठराव झालाय, ट्रस्ट डीडमधे (ट्रस्ट स्थापन करतानाच्या दस्तात) विश्वस्तांना विक्रीचा पूर्ण अधिकार असं स्पष्ट लिहिलंय. तरी चॅरिटी ऑफिसला जावं लागेल?

जावंच लागेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ३६ सांगतं की डीडमधे काहीही लिहिलेलं असो, स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध नाही. ठराव लागतोच, पण तो अर्जाला जोडायचा एक कागद आहे आणि हे इतक्या जणांना सांगून झालंय की आता ठरावाची कॉपी हातात आली की मी आधी तारीख बघतो, इसाराच्या (सौदा पक्का करायला घेतलेल्या आगाऊ रकमेच्या) पावतीच्या आधीची की नंतरची.

खरी मेख अर्जात असते. या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम २४ प्रमाणे सांगावं लागतं की डीडमधे विक्रीबद्दल काही सूचना आहेत का, विकायची गरज काय आणि त्यात ट्रस्टचं हित कसं, सोबत तज्ज्ञाचा व्हॅल्युएशन रिपोर्ट. लोक व्हॅल्युएशनचं बाड जोडतात आणि गरजेच्या ठिकाणी "जागा पडून आहे" एवढं लिहून मोकळे होतात. अहो, पडून आहे ही काय गरज झाली का? वाचनालयाचं छत गळतंय, दुरुस्तीचं एस्टिमेट अमुक, बँकेत शिल्लक तमुक, प्लॉटवर अतिक्रमण व्हायला लागलंय आणि कंपाउंड घालायला पैसे नाहीत, असं काय ते ऑडिट रिपोर्टसकट मांडा. आणि सातबारा काढून बघा, जमीन भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर कलेक्टर ऑफिसचं प्रकरण वेगळं निघतं.

प्रश्न : ओळखीचा बिल्डर रेडी रेकनरपेक्षा जास्त भाव देतोय. मग पेपरात जाहिरात आणि टेंडरचा घाट कशाला?

रेडी रेकनर हा स्टॅम्प ड्युटी काढायचा दर, बाजारभाव त्याच्या कितीतरी वर असू शकतो. १९८६ साली आंध्रातल्या चेंचू रामी रेड्डी प्रकरणात अशीच खासगी बोलणी करून ठरवलेली विक्री सुप्रीम कोर्टापुढे आली होती आणि कोर्टाने बजावलं की धर्मादाय संस्थांची मालमत्ता शक्यतो जाहीर लिलावानेच विकायची, आपसात नाही. नंतर २००७ मधे शैलेश डेव्हलपर्स प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने सांगितलं की आयुक्तांचं काम नुसतं हो किंवा नाही म्हणण्यापुरतं नाही, ते लोकांकडून ऑफर मागवू शकतात आणि ट्रस्टच्या दृष्टीने सगळ्यात चांगली असेल त्यालाच विका असंही सांगू शकतात. म्हणजे तुमच्या बिल्डरच्या आकड्यावर तिथे उभ्या उभ्या चढी बोली लागू शकते, त्यापेक्षा जाहिरात तुम्हीच आधी दिलेली बरी नाही का.

आणि हा ओळखीचा म्हणजे नक्की कुणाच्या ओळखीचा? एखाद्या विश्वस्ताचा मेव्हणा वगैरे असेल तर अर्जातच सांगून टाका. महत्त्वाची गोष्ट लपवून घेतलेली परवानगी रद्द होऊ शकते.

प्रश्न : जुन्या कमिटीने परवानगी न घेताच एक खोली विकली, खरेदीखत रजिस्टर झालंय. आता काय करायचं?

२०१७ च्या दुरुस्तीने मागाहून परवानगीची सोय झालीये पण ती अपवाद म्हणून, "राहून गेलं" म्हणणाऱ्यांसाठी नाही. परवानगी नसल्यामुळे ट्रस्टला, बऱ्याच लोकांना किंवा प्रामाणिकपणे पैसे मोजलेल्या खरेदीदाराला त्रास होतोय हे दाखवावं लागतं. शिवाय तेव्हा खरंच तातडी होती, विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, किंमत बाजारभावापेक्षा कमी नव्हती (तज्ज्ञाचा दाखला हवा), चांगला भाव मिळवायचा प्रयत्न केला होता आणि विश्वस्तांपैकी कुणाच्याही खिशात काही गेलं नाही. दस्त रजिस्टर आहे ही तुमची एक बाजू पक्की. बाकीच्या अटींसाठी त्या काळातलं मिनिट बुक आणि बँक स्टेटमेंट काढा. जुन्या कमिटीवर राग असणारच, पण अर्जात शिव्याशाप नकोत, कागद लावा.

प्रश्न : जुनी अ‍ॅम्ब्युलन्स आणि कॉम्प्युटर काढायचेत.

कलम ३६ स्थावर मालमत्तेचं आहे, यांना ती परवानगी नको. ठराव करा, दोनतीन कोटेशन घ्या, पैसे चेकने किंवा ऑनलाइन घ्या, आरसी बुकवरचं संस्थेचं नाव बदललं की नाही ते बघा.

प्रश्न : हॉल क्लासवाल्यांना पाच वर्षं भाड्याने द्यायचाय.

इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायची तर परवानगी लागते, शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षं. काहीजण अकरा अकरा महिन्यांचे करार वर्षानुवर्षं फिरवत बसतात, मला विचाराल तर नका करू, पुढे भाडेकरू हलेना झाला की संस्थाच अडकते.

प्रश्न : परवानगी घेऊन जागा विकली, पैसे आले. आता टॅक्स बसेल का?

आधी नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट (झालेला बदल चॅरिटी ऑफिसला कळवायचा अर्ज) टाका, नाहीतर पीटीआर उताऱ्यावर (तिथल्या ट्रस्ट नोंदवहीच्या उताऱ्यावर) विकलेली जागा तुमचीच दिसत राहते. टॅक्सचं म्हणाल तर १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम ११(१ए) होतं, विक्रीतून हातात आलेली पूर्ण रक्कम संस्थेच्या दुसऱ्या भांडवली मालमत्तेत घातली तर नफ्यावर कर नाही, आणि सहा महिने किंवा जास्त मुदतीची बँक एफडीसुद्धा त्यात धरली जायची. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे व्यवहाराची तारीख सांगून सीएकडून लेखी घ्या. तोवर त्या पैशाला हात लावू नका.

प्रश्न : आमची सोसायटी १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली रजिस्टर आहे. आता कुणीच काम करत नाही, बंद करून जागा विकून पैसे सभासदांत वाटले तर?

नाही चालणार. बंद करायला किमान तीन पंचमांश सभासद लागतात, आणि देणी भागवून जे उरेल ते सभासदांना मिळतच नाही, दुसऱ्या सोसायटीला जातं, कुठल्या ते हजर सभासदांच्या तीन पंचमांश मतांनी ठरतं. महाराष्ट्रात अशी सोसायटी सार्वजनिक ट्रस्टमधेही मोडते त्यामुळे जागा विकायला कलम ३६ आहेच. त्यापेक्षा तसंच काम करणारी, जागेची खरंच गरज असलेली संस्था आधी शोधा आणि त्यांच्या लोकांशी बोला, मग सभा बोलवा.