दोन शिखरं, खरा कालावधी कोणता?

प्रश्न: एका ताऱ्याची तेजस्विता मी तीन महिने मोजतोय, रोज रात्री साधारण एकाच वेळेला, मध्ये ढगांमुळे बऱ्याच रात्री बुडाल्या. डेटाला लोम्ब-स्कार्गल (अनियमित वेळांच्या मोजमापांतून दडलेला कालावधी शोधायची पद्धत, संभाव्य कालावधीवर आलेखात शिखर येतं) लावलं तर ३.५ दिवसांवर मोठं शिखर आलं आणि १.४ वर जरा लहान. मोठं तेच खरं ना?

उत्तर: इतक्यात नको! आधी एक हिशोब करा. १ भागिले ३.५ म्हणजे ०.२९, १ भागिले १.४ म्हणजे ०.७१, बेरीज बरोबर १. हा योगायोग नाही. तुम्ही दिवसातून एकदाच बघता, मधल्या वेळात तारा काय करतो ते दिसतच नाही, त्यामुळे दोन्ही कालावधींच्या लाटा तुमच्या त्याच बिंदूंमधून जवळपास सारख्याच जातात. याला एलियासिंग म्हणतात. डेटा फोल्ड करून, म्हणजे सगळी चक्रं एकावर एक ठेवून, बघितलात तरी दोन्ही आलेख छानच दिसतील, आणि कुठलं शिखर उंच हे थोड्याशा नॉईजवरही (मोजमापातल्या अनियमित चढउतारांवर) ठरू शकतं.

भल्याभल्यांचं असं झालंय. ५५ कँक्री ई या ग्रहाचा कालावधी कित्येक वर्षं २.८ दिवस धरला जायचा, २०१० मध्ये लक्षात आलं की तो खरा ०.७४ दिवस आहे, आणि पुढच्याच वर्षी ताऱ्यासमोरून जाताना तो ग्रह त्याच हिशोबाने सापडला. (इथेही दोन्हींचे व्यस्त काढा, फरक जवळपास १ येतो.)

उपाय सोपा आहे, फक्त जागरण पडेल. काही रात्री दोनदा मोजा, अंधार पडल्यावर आणि मग आठ तासांनी पहाटे. कालावधी १.४ असेल तर तेवढ्यात चक्राचा जवळपास पाव भाग सरकतो, ३.५ असेल तर जेमतेम दहावा. हा फरक बिंदूंमध्ये दिसायला हवा.

आणि शिखर मुळात खरं आहे का तेही तपासा, कारण प्रोग्राम हजारो कालावधी चाचपतो, त्यातलं एखादं निव्वळ नशिबाने वर येणारच. वेळा तशाच ठेवायच्या, तेजस्वितेचे आकडे पत्त्यांसारखे पिसायचे, परत लोम्ब-स्कार्गल, सगळ्यात उंच शिखर टिपून ठेवायचं, असं हजार वेळा. हजारात ऐंशी वेळा तुमच्याइतकं उंच आलं तर माझ्या मते दावा करू नका, एकदाही नाही आलं तर मग बोलू.

एक मात्र आहे, पिसल्याने शेजारच्या रात्रींमधलं नातंही तुटतं. ताऱ्यावरच्या डागांमुळे तेज हळूहळू वरखाली होत असेल तर ही चाचणी फसवते, खोटं शिखरही पास होऊन जातं. अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती २०१२ मध्ये ३.२४ दिवसांचा ग्रह जाहीर झाला होता, नंतर निरीक्षणाच्या त्याच वेळा घेऊन ग्रह न घालता कृत्रिम डेटा बनवला तर तोच कालावधी वर आला. म्हणून तुम्हीही तुमच्याच तारखांवर असा सिग्नल नसलेला डेटा बनवून बघा, आणि ३.५ तिथेही डोकं वर काढतंय का ते कळवा.