१७ वर्षांच्या आइस हॉकी गोलीमध्ये स्काउट नेमकं काय बघतात?

तुम्ही विचारलंय: भाचा कॅनडात ज्युनियर आइस हॉकी खेळतो, गोली (गोलरक्षक) आहे, वय १७, उंची सहा फूट, सेव्ह पर्सेंटेज ०.८९५. यंदा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या ड्राफ्टला (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याला) पात्र होतोय. तुम्ही सोलापुरातून त्याचे सामने ऑनलाइन बघता, पण स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, त्याच्यात काय शोधत असतील ते कळत नाही.

मीही सोलापुरातच असतो. घरी बसून एका परदेशी कंपनीसाठी हॉकीचे व्हिडिओ बघतो आणि नोंदी करतो. शॉट कुठून आला, गोली तेव्हा कुठे होता, रिबाउंड, म्हणजे अडवल्यावर उसळलेला पक (खेळातली रबरी चकती), कुठे गेला, असं सगळं. टोरांटोकडचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. मित्र म्हणतात, "काय बे, बर्फ बघायचा पगार देतात होय तुला?" देतात. मी स्काउट नाही, पण स्काउट जे मागतात तेच टिपणं हे माझं काम आहे, म्हणून लिहितो.

आधी पर्सेंटेज, कारण तुमचा जीव तिथे अडकलेला दिसतोय. ०.८९५ म्हणजे हजार शॉटपैकी ८९५ अडवले. ०.९१० वाला गोली तेवढ्याच शॉटमध्ये १५ गोल कमी खातो. सामन्याला ३० शॉट धरले तर फरक पडतो दोन सामन्यांत साधारण एका गोलाचा. तो एक गोल स्वतःच्याच डिफेन्समनच्या स्केटला लागून आत गेलेला असू शकतो. शिवाय ज्युनियरमध्ये संघासंघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तगड्या संघाच्या गोलीला दिवसभर लांबून, कोपऱ्यातून फुसके शॉट येतात. दुबळ्या संघाच्या गोलीवर समोरचे दोघं चालून येतात आणि मध्ये आपला एकच डिफेन्समन. म्हणून नुसत्या आकड्यावरून पोराला नापास करू नका, आणि उद्या तो आकडा ०.९२० झाला तर पेढेही वाटू नका.

आता खरी गोष्ट. स्काउट सेव्ह कमी बघतात, सेव्हच्या आधीचा एक सेकंद जास्त बघतात.

समजा पक डाव्या सर्कलमध्ये (गोलच्या बाजूला बर्फावर आखलेल्या वर्तुळात) आहे आणि तिथून आडवा पास उजवीकडे गेला. तयार गोलीचं आधी डोकं वळतं, मागोमाग खांदे, मग एका पायाने जोर लावून तो क्रीझच्या (गोलसमोर आखलेल्या त्याच्या जागेच्या) दुसऱ्या बाजूला सरकतो आणि शॉट सुटायच्या आत दोन्ही स्केट रोवून थांबलेला असतो. कच्चा गोली शॉट सुटतो तेव्हाही सरकतच असतो. अशा वेळी पक नशिबाने त्याच्या छातीला लागला तरी स्टेडियम डोक्यावर घेतं, आकड्यात एक सेव्ह वाढतो. माझ्या नोंदीत मात्र 'उशिरा पोचला' एवढंच जातं. लांब झेप घेऊन ग्लोव्हने पकडलेला पक दिसला की मी पहिल्यांदा व्हिडिओ मागे नेतो आणि झेप घ्यायची वेळ का आली ते बघतो. क्रिकेटमध्ये पाय हलवणाऱ्या विकेटकीपरला फार डाइव्ह माराव्या लागत नाहीत, तसलंच हे.

दुसरं, तो खाली कधी बसतो. हल्लीचे सगळे गोली बटरफ्लाय खेळतात: गुडघे बर्फावर, पॅड दोन्ही बाजूंना पसरलेले, खालची जागा बंद. पण खाली गेलं की वरचे दोन्ही कोपरे उघडे पडतात. ज्युनियरमधले बरेच खेळाडू घाईने खालूनच मारतात, त्यामुळे लवकर बसण्याची सवय तिथे खपून जाते. वरच्या पातळीवरचा खेळाडू अर्धा सेकंद पक धरून ठेवतो, गोली बसला की शांतपणे वर मारतो. तुमचा भाचा कोण आधी हलतंय याची वाट बघू शकतो का, हे बघा. माझ्या मते १७व्या वर्षी या एका गोष्टीला बाकी सगळ्यापेक्षा जास्त किंमत आहे.

पक गोलच्या मागे असतो तेव्हा तो पोस्टला कसा चिकटतो, तेही बघण्यासारखं. पोस्टकडचं पॅड बर्फावर आडवं, दुसरा पाय जोर द्यायला तयार, ही आजची रूढ पद्धत. तिच्यात पोस्टकडच्या खांद्यावर, कानाजवळ, पक जाण्याइतकी फट राहते आणि शूटर नेमकी तीच शोधतात. तिथून वरचेवर गोल खात असेल तर स्काउटच्या नजरेतून ते सुटणार नाही. आणि रिबाउंड. पॅडला लागून पक कोपऱ्यात गेला तर उत्तम, समोर स्लॉटमध्ये (गोलच्या थेट पुढच्या जागेत) पडला तर पुढचा शॉट आलाच समजा.

एक अडचण सांगून ठेवतो. टीव्हीचा कॅमेरा पकच्या मागे पळतो. पक पलीकडे गेला की गोली चौकटीबाहेर. गोल खाल्ल्यावर तो डिफेन्समनवर हात उडवतो की पाण्याची बाटली उचलून पुन्हा जागेवर उभा राहतो, हे आपल्याला क्वचितच दिसतं. स्काउट थंडीत रिंकवर जाऊन बसतात ते त्यासाठीच, आणि वॉर्मअपपासून बसतात.

उंचीबद्दल मात्र गोड बोलत नाही. गोलची चौकट सहा फूट रुंद, चार फूट उंच. आजच्या एनएचएल गोलींमध्ये सहा फूट म्हणजे बुटकाच. डस्टिन वुल्फ हा गोली ज्युनियरमध्ये अफाट खेळत होता, तरी २०१९च्या ड्राफ्टमध्ये २१७ पैकी २१४वा गेला, उंचीमुळेच. पुढे तोच एनएचएलच्या कॅल्गरी संघाचा मुख्य गोली झाला. तेव्हा दार बंद नाही, पण उंच पोराला जी चूक माफ होते ती तुमच्या भाच्याला होणार नाही.

ड्राफ्टमध्ये गोलीचा अंदाज चुकतो, हे सगळे जाणतात. २००० साली पहिल्या क्रमांकावर रिक डिपिएट्रो हा गोली निवडला गेला. दुखापतींनी त्याची कारकीर्द खाल्ली. त्याच ड्राफ्टमध्ये २०५व्या क्रमांकावर हेन्रिक लुंडक्विस्ट गेला, तो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, आणि २०२४ व २०२५ अशा लागोपाठ दोन स्टॅनले कप (एनएचएलची विजेतेपदं) त्याने फ्लोरिडाकडून जिंकले. कॉनर हेलेबक पहिल्या वर्षी निवडलाच गेला नाही. मग तो टेक्सासमधल्या ओडेसाला खेळायला गेला (ऊन तिथेही कमी नाही!), २०१२ला पाचव्या फेरीत विनिपेगने घेतला आणि २०२५ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोली उशिरा पिकतात. म्हणून बरेच संघ पहिल्या फेरीत गोलीवर पैज लावायला कचरतात आणि नंतरच्या फेऱ्यांत एखादा उचलून चार-पाच वर्षं वाट बघतात.

भाच्याची निवड होईल का? खेळ बघितल्याशिवाय हो-नाही म्हणणं म्हणजे थापा. एनएचएलचा सेंट्रल स्काउटिंग हा विभाग जानेवारीत, आपल्या गड्डा यात्रेच्या सुमारास, ड्राफ्टच्या खेळाडूंची मधली यादी काढतो आणि एप्रिलच्या आसपास शेवटची. दोन्हींत गोलींची यादी वेगळी असते. त्यात नाव आलं तर कोणीतरी वही घेऊन बसलंय हे नक्की. नाही आलं तरी ७ फेऱ्या आणि ३२ संघ आहेत, आणि उत्तर अमेरिकेत खेळणाऱ्यांना विशीपर्यंत पुन्हा संधी मिळते.

त्याच्याशी बोलणं झालं तर पर्सेंटेज विचारू नका, ते त्याला रोज दिसतं. पुढच्या सीझनला मुख्य गोली म्हणून किती सामने मिळतील, आणि संघाकडे गोलीसाठी वेगळा कोच रोज आहे की आठवड्यातून एकदा येतो, एवढं विचारा. नावाजलेल्या संघात बॅकअप म्हणून बाकावर बसायचं असेल, तर साध्या संघात जाऊन पन्नास सामने खेळलेले बरे, असं मी तरी त्याला सांगीन.