व्हिडिओ कॉलवर आईला गरगरतंय? आधी मोबाईल टेबलावर ठेवा

मँचेस्टरच्या एका ताईंनी विचारलंय, आई कोल्हापुरात एकटी असते, गेल्या वर्षी कानाचं इन्फेक्शन झालं तेव्हापासून महाद्वार रोडच्या गर्दीत गेलं की गरगरतं, टीव्हीवर कबड्डी लागली तरी मान फिरवते आणि आता तर नातवाचा व्हिडिओ कॉलपण लगेच कट करते, नातेवाईक म्हणतात बीपी असेल नाहीतर मनाचे खेळ.

ताई, बीपी कमी होऊन येणारी चक्कर बहुतेक वेळा उठून उभं राहताना येते, समोर काहीतरी हलतंय म्हणून नाही. तोल सांभाळायला मेंदू डोळे, कानाचा आतला भाग आणि पाय या तिघांचं ऐकतो. कानाचं दुखणं किंवा मायग्रेन झालं की काहींचा मेंदू डोळ्यांवरच जास्त भरवसा टाकतो, मग समोरची गर्दी हलली तरी वाटतं आपणच हललो. हे तीन महिन्यांच्या वर बहुतेक दिवस चाललं तर पीपीपीडी, म्हणजे सतत राहणारी आणि समोरची हालचाल, गर्दी पाहून वाढणारी चक्कर, असू शकतो. त्याचे निकष २०१७ मध्ये छापून आले, म्हणून नाव तसं नवीन आहे. यात एमआरआय नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात बघ, काय झालेलं नाही! मला याचा भारी राग येतो.

फोनवर नुसतं "चक्कर येते का" विचारू नका, वस्तू हलताना दिसतात की तूच फिरल्यासारखी वाटतेस ते विचारा. चालताना दुकानाचे बोर्ड थरथरतात आणि थांबलं की स्थिर होतात, असं असेल तर दोन्ही कानांतला तोलाचा भाग गेलेला असू शकतो (जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांनीही होतं), आणि नुसतं बसल्यावरही हलत असेल तर न्यूरोलॉजिस्टच गाठा. त्रास होतो तेव्हा शेजारच्या पोराकडून डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढून घ्या, डॉक्टरांना फार उपयोग होतो.

मेडिकलमधून आणलेली चक्करची गोळी महिनोन्महिने चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन लांबलं तर बिघडलेल्या तोलाशी जुळवून घ्यायची मेंदूची प्रक्रिया मंदावते, वयस्कर माणसात हातपाय कापणं, चाल अडखळणं असंही होतं. खरा इलाज म्हणजे तोलाचे व्यायाम, ते जाणकार फिजिओथेरपिस्टकडून शिकायचे. घरात कोंडून घेतलं की त्रास वाढतोच, म्हणून सोबत घेऊन सकाळी रंकाळ्यावर, मग हळूहळू बाजारात. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत पहिल्याच फटक्यात नेऊ नका, तिथं धडधाकट माणूस गरगरतो.

आणि नातू मोबाईल घेऊन घरभर पळतो ना, ते बंद करा, फोन स्टँडवर, मागं साधी भिंत, पोरानं एका जागी बसून गप्पा मारायच्या.

अचानक डबल दिसणं, तोंड वाकडं, बोबडं बोलणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा चालताच न येणं, हा स्ट्रोक असू शकतो आणि गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासच मिळतात. मँचेस्टरहून १०८ लागणार नाही, तेव्हा दोन शेजाऱ्यांचे आणि जवळच्या हॉस्पिटलचा थेट नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा, शेजाऱ्यांकडं घराची एक किल्लीपण देऊन ठेवा.