लॉर्ड हाउ बेटावर घड्याळ अर्धाच तास पुढे का करतात? भारताशी फरक किती पडतो?

कारण सिडनी. हे बेट ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात मोडतं, ज्याची राजधानी सिडनी, पण मुख्य भूमीपासून पूर्वेला सुमारे ६०० किमी समुद्रात आहे. तिथे सूर्य लवकर उगवतो, म्हणून १९८१ पासून बेटाची प्रमाणवेळ सिडनीच्या अर्धा तास पुढे, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) +१०:३०.

उन्हाळ्यात सिडनीत घड्याळ एक तास पुढे करतात, यालाच डेलाइट सेव्हिंग म्हणतात. सुरुवातीला बेटावरही असाच पूर्ण तास वाढवायचे. १९८५ पासून फक्त अर्धा तास वाढवतात, त्यामुळे उन्हाळ्यात बेट आणि सिडनी दोघंही +११ वर येतात. जेमतेम चारशे वस्तीच्या बेटाला सिडनीशी वेळ जुळलेली बरीच सोयीची, असं मला वाटतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ चे २:३० होतात, एप्रिलच्या पहिल्या रविवारी २ चे पुन्हा १:३०. तो उन्हाळा दक्षिण गोलार्धातला, आपल्याकडे तेव्हा थंडी असते हे विसरू नका.

भारताशी फरक: एप्रिल ते ऑक्टोबर बरोबर ५ तास, एरवी साडेपाच. कोड लिहीत असाल तर ‘डेलाइट सेव्हिंग म्हणजे एक तास’ असं गृहीत धरू नका; टाइमझोन डेटाबेसमधली ‘Australia/Lord_Howe’ ही नोंद वापरा.